घरची खारी : पदर सुटतात कसे आणि बसतात का



गळीत हंगाम सुरू झाला की चहाला वेळकाळ राहत नाही. पहाटे तोडीवर जाणाऱ्यांचा चहा, काट्यावर नंबर लागेपर्यंत ट्रॅक्टरवाल्यांचा चहा, घरी आल्यागेल्याचा चहा. आणि चहा आला की बशीत खारी आलीच. ऊस विकास अधिकाऱ्याने लागण-खोडवा सोडून खारीवर लिहावे याचे काही मंडळींना नवल वाटेल. कारण असे की, आमच्या गटातील एका महिला बचत गटाने मागील हंगामाच्या अखेरीस खारी करून काट्याजवळच्या हॉटेलांना द्यायचे ठरविले. पहिले दोन घाणे दगडासारखे निघाले. हॉटेलवाल्याने डबा परत पाठविला. दहा-बारा जणींनी साठविलेला पैसा त्या मैद्या-तुपात गुंतलेला होता. "साहेब, बेकरीवाला यात काय घालतो ते तरी सांगा," असे त्या विचारू लागल्या. हाच प्रश्न इतरही घरांतून ऐकू येतो, म्हणून त्याचे उत्तर येथे सविस्तर देत आहे.

बेकरीवाला गुपित असे काही घालत नाही. खारी म्हणजे भट्टीत भाजलेला चिरोटाच समजा. दिवाळीला चिरोटे करताना पोळीवर साटा लावतात, घडी किंवा वळकटी करतात, पुन्हा लाटतात. खारीतही तेच होते. फक्त तळण्याऐवजी भाजणे आले. म्हणजे ज्या घरात चिरोटे होतात त्या घरातील बाईला निम्मी खारी येतेच.

आधी एक फरक लक्षात घ्यावा. खुसखुशीत बिस्किट वेगळे आणि पदर सुटलेले बिस्किट वेगळे. नानकटाईत तूप पिठात पूर्ण मुरविलेले असते. त्यामुळे पिठाला चिकटपणा धरता येत नाही आणि बिस्किट तोंडात विरघळते. पुण्यात १९५५ साली सुरू झालेल्या कयानी बेकरीची श्रुजबेरी याच जातीची. खारीत मात्र तूप पिठात मुरता कामा नये. पिठाचा एक थर, तुपाचा एक थर, असे ते शेवटपर्यंत वेगळे राहिले पाहिजेत.

मग पदर सुटतात कशाने? वाफेने. मळलेल्या पिठातील पाण्याची भट्टीत वाफ होते, आणि पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १६०० पट जागा मागते. आपल्या कारखान्याचे टर्बाइन वाफेच्याच जोरावर फिरते, हे सभासदांना सांगायला नको. खारीच्या पोटात ही वाफ वर सरकू पाहते, मध्ये तुपाचा थर असल्याने पिठाचे पदर एकमेकांना चिकटत नाहीत, आणि एकेक पदर उचलला जातो. तेवढ्यात पीठ शिजून घट्ट होते व उचललेला पदर तसाच राहतो. सोड्याचे यात काहीही काम नाही. सोडा घातलेली खारी पिवळट होते आणि तिला साबणासारखी चव येते. तरी कितीतरी घरांत तो सवयीने घातला जातो.

आता बसते कुठे ते पाहू. दुधाचा स्निग्धांश २० अंश सेल्सिअसच्या पुढे नरम पडू लागतो आणि ३५ अंशांच्या आसपास पूर्ण वितळतो. आपल्याकडे मार्च-एप्रिलात दुपारी स्वयंपाकघरातच तेवढी उष्णता असते. वितळलेले तूप पिठात शिरले की थर संपले. वर सांगितलेल्या भगिनींनी साटा पसरायला सोपा जावा म्हणून तूप गरम करून पातळ केले होते, आणि जळण वाचावे म्हणून भट्टी निवत आल्यावर पत्रे आत सरकविले होते. मंद आचेत वाफ धरण्याआधीच तूप वितळून पत्र्यावर आले, आणि मागे राहिली ती कडक दामटी. माल चांगला होता, मेहनतही होती. चुकली ती उष्णता, तीही दोन ठिकाणी.

म्हणून खारीचा खरा मोसम मार्गशीर्ष-पौष. त्यातही काम सकाळी लवकर उरकावे. इतर दिवसांत करायची झाल्यास फ्रीज हवा.

प्रमाण असे घ्यावे : मैदा ५०० ग्रॅम, मोहनासाठी घट्ट तूप ५० ग्रॅम, मीठ दोन सपाट चहाचे चमचे, अर्ध्या लिंबाचा रस, आवडीप्रमाणे जिरे किंवा ओवा, आणि थंड पाणी सुमारे पाव लिटर. लिंबाच्या रसाने पीठ लाटताना फारसे मागे ओढत नाही. साट्यासाठी घट्ट तूप २५० ग्रॅम आणि कॉर्नफ्लोअर ७५ ग्रॅम. कॉर्नफ्लोअर नसेल तर चिरोट्याला घेतो तशी तांदळाची पिठी चालते. तूप परातीत घेऊन तळहाताने पांढरे, हलके होईपर्यंत फेसावे, मग त्यात पिठी मिसळून थंड जागी ठेवावे. घरचे लोणी वापरायचे असल्यास दोन-तीन थंड पाण्यांतून धुऊन ताक पूर्ण काढावे. ताक राहिलेल्या लोण्याची खारी लवकर खवट होते.

मैद्यात मोहन, मीठ व जिरे चोळून थंड पाण्याने पुरीपेक्षा सैल, पोळीपेक्षा किंचित घट्ट असे मळावे. ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवावे. ही विश्रांती वगळू नये, नाहीतर पीठ लाटण्याखाली रबरासारखे आक्रसते.

यापुढची गोष्ट शेतकऱ्याला चटकन समजेल. रान ओले असताना नांगर घातला तर ढेकळे निघतात, पार वाळल्यावर घातला तरी ढेकळेच निघतात. आपण वापशाची वाट पाहतो. खारीलाही असाच वापसा असतो. पीठ जेवढे मऊ तेवढाच साटा मऊ हवा. साटा जास्त घट्ट असेल तर लाटताना त्याचे तुकडे पडतात आणि ते पीठ फाडून बाहेर येतात. पातळ असेल तर तो पिठात शिरतो. बोट दाबले की दोन्हींवर सारखा खळगा पडला पाहिजे. तो पडेपर्यंत हात लावू नये, मग वाट पाहावी लागली तरी चालेल.

पिठाची अर्ध्या बोटाएवढ्या जाडीची लांबट चौकोनी पोळी लाटावी. तिच्या दोन भागांवर साटा पसरावा, तिसरा भाग कोरा ठेवावा. आधी कोरा भाग घडीत आणावा, त्यावर उरलेला भाग टाकावा. झाले साट्याचे २ थर. वीस मिनिटे थंड जागी ठेवून पुन्हा लांबट लाटावे आणि तीन पदरी घडी घालावी. असे तीन वेळा केले की थरांचा हिशेब ६, १८, ५४ असा वाढत जातो. इथे थांबावे. अजून घड्या घातल्या तर अजून पदर सुटतील हा हिशेब कागदावरच बरोबर आहे. घरच्या लाटण्याखाली थर इतके पातळ होतात की ते एकमेकांत मिसळतात. प्रत्येक घडीनंतर मात्र वीस मिनिटांची विश्रांती हवीच. घाई इथेच नडते.

शेवटी पाव बोटाच्या जाडीची पोळी लाटून दोन बोटे रुंद व चार बोटे लांब पट्ट्या कापाव्यात. सुरी धारदार हवी, आणि ती ओढायची नाही, सरळ खाली दाबायची. बेण्याची टिपरी बोथट कोयत्याने तोडली की टोके चिंबतात, तसेच बोथट सुरीने खारीच्या कडा चिंबतात. कडा चिकटल्या की पदर उघडायला वाट राहत नाही.

ओव्हन असेल तर तो आधीच २०० अंशांवर पूर्ण तापवावा. पहिली १२ ते १५ मिनिटे दार उघडू नये. खारी फुगून हलका रंग आला की आच १५० अंशांवर आणून आणखी २५ ते ३० मिनिटे वाळवावी. रंग आला म्हणून बाहेर काढलेली खारी आतून कच्ची निघते. एक मोडून पाहावी, आतले पदर ओलसर पांढरे दिसले तर परत आत. ओव्हन नसलेल्यांनी कुकरमध्ये मीठ किंवा वाळू घालून खारीचा खटाटोप करू नये असे माझे मत आहे. नानकटाई त्यात बरी होते, पण खारीला वरूनही कडक आच लागते आणि ती कुकरात मिळत नाही. दिवाळीआधी आपण रवा, तूप, साखर घेऊन बेकरीत नानकटाई भाजून आणतो, तशीच कापलेली खारी पत्र्यावर मांडून न्यावी. मात्र भट्टीवाल्याला आधी विचारून, भट्टी कडक असतानाची वेळ ठरवून घ्यावी. नानकटाईची निवती वेळ खारीला उपयोगाची नाही.

साखर पिठात घालू नये. ती पाणी धरून ठेवते व पदर नरम पडतात. गोड खारी हवी असल्यास कापण्यापूर्वी पोळीवर पाण्याचा हलका हात फिरवून वरून साखर पेरावी आणि लाटणे एकदा फिरवावे. सभासदांना मिळणाऱ्या साखरेत एम-३० असेल तर तिचा मोठा दाणा वर छान दिसतो. एस-३० बारीक असल्याने लवकर विरघळते.

वनस्पती तुपाबद्दल दोन शब्द. ते उन्हाळ्यात घट्ट राहते, म्हणून बेकरीत पसंत करतात. पण तेल घट्ट करताना त्यात ट्रान्स फॅट तयार होते, आणि ते हृदयाला घातक आहे. १ जानेवारी २०२२ पासून तेल व वनस्पतीत त्याचे प्रमाण २ टक्क्यांवर असता कामा नये असा नियम आहे. सुट्या, लेबल नसलेल्या डब्याचा मात्र भरवसा कोणी द्यावा? घरचे तूप वापरले म्हणून खारी पौष्टिक झाली असेही नाही. वरच्या प्रमाणात तयार मालाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग तूपच असतो. मुलांना सकाळच्या न्याहारीऐवजी चहा-खारी देऊन शाळेत धाडण्याची पद्धत आता बरीच पडली आहे, ती बरी नव्हे. भाकरी आधी, खारी नंतर.

विक्री करू इच्छिणाऱ्या गटांनी अन्न सुरक्षा नोंदणी करून घ्यावी आणि भाव ठरविताना जळण, भट्टीचे भाडे व स्वतःची मजुरी धरावी. बहुतेक जणी मजुरी धरतच नाहीत. पहिला घाणा अर्ध्या किलो मैद्याचाच करून पाहावा.

खारी पूर्ण निवल्याशिवाय डब्यात भरू नये. पावसाळी हवेत ती सादळली तर मंद आचेवर दहा मिनिटे गरम करून निवू द्यावी, पुन्हा कुरकुरीत होते. कापताना उरलेल्या कडांचा गोळा करून मळू नये. त्या एकावर एक ठेवून लाटाव्यात, वर साखर पेरून त्याच पत्र्याच्या कोपऱ्यात भाजाव्यात. घरातली पोरे बहुधा त्याच आधी संपवितात.