'निभावतो' म्हणू नकोस

सॅन अँटोनिओ, टेक्सास

चि. निनाद,


तुझ्या अपंगत्वाच्या अर्जावर व्हीएने, म्हणजे अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने, दिलेल्या निकालाचा फोटो पाठवलास आणि खाली लिहिलंस, "आत्या, शून्य टक्के दिलेत, जाऊ दे आता." मी ते पत्र शेवटच्या पानापर्यंत वाचलं. जाऊ देण्यासारखं त्यात काही नाही. तुला मायग्रेन आहे हे त्यांनी मान्य केलंय, आणि तो लष्करी नोकरीमुळे जडला हेही. काउंटीच्या व्हेटरन्स कचेरीत मी इतकी वर्षं लोकांचे अर्ज भरून दिले, त्यांतले कित्येकजण या दुसऱ्या मुद्द्यावरच अडायचे. निकालातला 'फेवरेबल फाइंडिंग्ज' हा भाग जपून ठेव. तिथे जे मान्य झालंय ते पुढच्या अधिकाऱ्याला ढळढळीत चूक दाखवल्याशिवाय फिरवता येत नाही. शून्य टक्क्याला दरमहा पैसे मिळत नाहीत, पण या आजाराचे उपचार व्हीएकडून मोफत मिळतात. तेही सोडू नकोस.

आता वाद उरला टक्क्यांचा. मायग्रेनचे टक्के 8100 क्रमांकाच्या नियमाने ठरतात आणि त्यात पायऱ्या चारच: शून्य, 10, 30 आणि 50. डोकं किती ठणकतं याला तिथे गुण नाहीत. माणसाला आडवं पाडणारे झटके किती वेळा येतात, हे पाहतात. गेल्या काही महिन्यांत सरासरी दोन महिन्यांतून एक झटका असेल तर 10, महिन्याला एक असेल तर 30. अगदी वरचेवर येणारे, पूर्ण झोपवणारे, लांबत जाणारे आणि कमाईला मोठा फटका देणारे असतील तर 50. नोकरी टिकून असली म्हणजे 50 ची आशा सोडायची, असं मात्र नाही. माणूस कामाला पूर्ण मुकलेलाच हवा अशी अट या नियमात नाही, हे 2004 च्या पिअर्स विरुद्ध प्रिन्सिपी खटल्यात न्यायालयाने सांगितलंय.

मग तुझं घोडं अडलं कुठे? तपासणीच्या अहवालात तुझंच वाक्य आहे: "गोळी घेतो, निभावतो." घरात 'डोकंच दुखतंय ना' ऐकत मोठा झालास आणि पुढे सैन्यात तर कण्हायची सोयच नव्हती. पण गोळी घेऊनही तू अर्धा अर्धा दिवस अंधाऱ्या खोलीत पडून असतोस, हे मला तुझ्या बायकोकडून, ईशाकडून कळतं आणि डॉक्टरांना कळत नाही, हे काय? दुखणं फुगवून सांगणं जसं खोटं, तसंच ते दडपणंही खोटंच.

आजपासून डायरी ठेव. 'खूप डोकं दुखलं' असं लिहून काही उपयोग नाही. असं लिही: "मंगळवार, दुपारी अडीच. उजव्या डोळ्यामागे ठणका. स्क्रीनकडे बघवेना. गोळी घेतली, दोनदा उलटी झाली. पडदे ओढून सातपर्यंत पडून. अर्ध्या दिवसाची रजा." तारीख, वेळ, काय करता आलं नाही आणि किती वेळ, एवढं चार ओळींत बसतं. महिन्यात दोन झटके आले तर दोनच लिही. या नोंदी आणि ऑफिसातल्या रजेच्या नोंदी एकमेकींशी जुळल्या की कागद बोलायला लागतात. ईशाला 21-10210 या फॉर्मवर तिचं निवेदन लिहू दे. वैद्यकीय मत तिने देऊ नये. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहावं: मुलाला शाळेतून कोण आणतं, कुठल्या दिवशी जेवण खोलीबाहेर तसंच राहिलं. आणि न्यूरॉलॉजिस्टकडे जाशील तेव्हा झटक्यांची संख्या त्यांच्या नोंदीत उतरली ना, हे बघूनच बाहेर पड.

2019 पासून दाद मागायच्या वाटा तीन आहेत. फाइलमध्ये सगळं असूनही ते नीट वाचलं गेलं नसेल तर 'हायर-लेव्हल रिव्ह्यू'. तिथे नवा पुरावा चालत नाही. नवा आणि प्रकरणाशी संबंधित पुरावा असेल तर 'सप्लिमेंटल क्लेम'. तिसरी वाट व्हीएच्या अपील बोर्डाची, म्हणजे व्हेटरन्स लॉ जजपुढे. तुझ्या फाइलमध्ये पुरावाच तोकडा आहे, म्हणून तुझी वाट सप्लिमेंटल क्लेमची, फॉर्म 20-0995. निकालपत्राच्या तारखेपासून एका वर्षाच्या आत तो गेला तर मूळ अर्जाची तारीख टिकते आणि वाढीव टक्के मिळाले तर साधारणपणे तेव्हापासूनची थकबाकी मिळते. वर्ष उलटलं तरी अर्ज करता येतो, पण मागचे पैसे बुडतात. पुराव्याच्या दोन्ही बाजू समसमान ठरल्या तर कौल व्हेटरनच्या बाजूने द्यायचा, असा कायदाच आहे. तुझं पारडं निदान त्या समतोलापर्यंत तरी आण.

आणखी एक. "टक्के वाढवून देतो, वाढीतला हिस्सा द्या" असे फोन तुला येतील. त्यांना दारातूनच परत पाठव. पहिल्या अर्जासाठी फी घेणं बेकायदा आहे, आणि पुढच्या टप्प्यांवरही फी घ्यायची मुभा फक्त मान्यताप्राप्त वकील आणि एजंटांनाच आहे. अमेरिकन लीजन, डीएव्ही, व्हीएफडब्ल्यू या माजी सैनिकांच्या संघटनांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी हेच काम फुकट करतात. कुणाची मान्यता खरी आहे हे व्हीएच्या वेबसाइटवर नाव टाकून बघता येतं. सही करण्याआधी बघ.

व्हीए तुला पुन्हा तपासणीला बोलावू शकतं. बोलावलं तर डायरी बरोबर ने. समोरच्याने "कसं चाललंय?" विचारलं की सवयीने "ठीक आहे" म्हणू नकोस, गेल्या महिन्यात काय काय झालं, ते तारखांसकट सांग.

तुझी,
आत्या