ठिपक्यांचा हिशेब



आपल्या गावाचे नाव वहीत लिहा : फोंडा. आता त्यातील अनुस्वार पुसून टाका. काय राहिले? 'फोडा'. एक ठिपका गेला आणि गावाच्या जागी आज्ञा उभी राहिली! देवनागरीत ठिपक्याला असे मोल आहे. शाईने लिहिताना तो द्यावयास आपणांस काहीच पडत नाही. परंतु चाळीस वर्षांपूर्वीच्या संगणकाच्या पडद्यावर तो देणे मोठे खर्चाचे काम होते. हा खर्च कशाचा आणि तो कसा भागविला गेला, हे या पाठात पाहावयाचे आहे. आम्ही भाषा शिकविणारे. तरी हा विषय आमचाही आहे, कारण येथे प्रश्न लिपीचा आहे. आणि त्यासाठी लागणारे गणित गुणाकार-भागाकाराच्या पलीकडे जात नाही.

पडदा म्हणजे काय?

ठिपक्यांची रांगोळी आपण सर्वांनी पाहिली आहे. ठिपके थोडे असतील तर कमळ ओबडधोबड येते. ठिपके दाट असतील तर पाकळीचे टोकही रेखता येते. संगणकाच्या पडद्याचेही तसेच आहे. पडद्यावर आडवे किती ठिपके व उभे किती ठिपके मांडता येतात, यावर चित्राची किंवा अक्षराची रेखीवता अवलंबून असते. हे ठिपके मांडून देणारा संगणकातील भाग म्हणजे ग्राफिक्स कार्ड.

आय.बी.एम. कंपनीने 1981 मध्ये आपला 'पीसी' बाजारात आणला, तेव्हा त्याच्याबरोबर दोन प्रकारची कार्डे मिळत. पहिले एकरंगी. त्याचे अक्षर सुबक असे, कारण प्रत्येक अक्षराला 9 ठिपके रुंद व 14 ठिपके उंच अशी चौकट होती. परंतु त्या कार्डात 256 चिन्हांचे साचे कायमचे कोरलेले होते. त्यांबाहेरचे एकही चिन्ह त्याला काढता येत नसे. मग 'क' किंवा 'ळ' कोठून येणार? दुसरे कार्ड रंगीत, त्याचे नाव 'सीजीए'. त्यावर हवा तो ठिपका उजळता येई. परंतु ठिपके होते मोजके : आडवे 640 आणि उभे 200.

दोन बंधने

हा 200 चा आकडा कोठून आला? त्या काळच्या पडद्यात काचेची नळी असे व इलेक्ट्रॉनांचा झोत डावीकडून उजवीकडे एकेक रेघ ओढीत वरून खाली येई. रंगीत पडद्यावर तो एका सेकंदात सुमारे 15,700 रेघा ओढी. चित्र स्थिर भासावे म्हणून सगळा पडदा सेकंदाला 60 वेळा भरावा लागे. 15,700 ला 60 ने भागा; उत्तर येते सुमारे 262. यांतील काही रेघा कडांमध्ये व झोत पुन्हा वर नेण्यात जात. चित्रासाठी 200 उरत. हे पहिले बंधन, वेळेचे.

दुसरे बंधन स्मृतीचे. पडद्यावरील प्रत्येक ठिपका विझलेला की उजळलेला, याची नोंद कार्डाच्या स्मृतीत ठेवावी लागते. एका ठिपक्यास एक बिट धरला, तर 640 × 200 म्हणजे 1,28,000 बिट. 8 बिटांचा एक बाइट, म्हणून 16,000 बाइट. त्या कार्डावरील एकूण स्मृती होती 16 किलोबाइट, म्हणजे 16,384 बाइट. घागर जवळजवळ काठोकाठ भरलेली!

तेच पाणी, निराळी भांडी

आता चतुराईचा भाग पाहा. स्मृती वाढविता येत नसली, तरी ती निराळ्या रीतीने वाटून घेता येते. आडवे ठिपके निम्मे म्हणजे 320 केले, तर प्रत्येक ठिपक्याच्या वाट्यास दोन बिट येतात व चार रंग मिळतात. हिशेब करून पाहा. बाइट पुन्हा 16,000 च होतात.

काही कल्पक मंडळी याहूनही पुढे गेली. कार्डावर मोटोरोला 6845 नावाची चकती, म्हणजे चिप, असे. किती रेघांची एक ओळ धरावयाची व पडद्यावर किती ओळी मांडावयाच्या, हे तिच्यातील 18 लहान नोंदखान्यांत लिहिलेल्या आकड्यांवरून ठरे. एरवी अक्षरांची एक ओळ 8 रेघांची असे. या मंडळींनी तो आकडा बदलून 2 केला. मग 25 ओळींच्या जागी 100 ओळी बसल्या. प्रत्येक ओळीत 80 चौकटी. प्रत्येक चौकटीत अर्धे भरलेले चिन्ह, त्याचा एक अर्धा एका रंगाचा व दुसरा अर्धा दुसऱ्या. अशा रीतीने 160 × 100 ठिपके आणि रंग मात्र सोळा! प्रत्येक चौकटीस दोन बाइट लागत, म्हणजे पुन्हा 80 × 100 × 2 = 16,000.

मात्र असे आकडे बदलणे हे पोरखेळाचे काम नव्हते. एकरंगी कार्डाच्या पडद्याला भलत्याच गतीचे संकेत मिळाले, तर तो पडदा कायमचा बिघडण्याचा धोका असे.

या युक्तीने रंग मिळाले, परंतु ठिपके घटले. लिपीला रंग नकोत, ठिपके हवेत. रोमन अक्षर 8 ठिपक्यांच्या उंचीत बसते. देवनागरीचे काय? शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार. खाली उकार, ऋकार. समजा, वर 3, शिरोरेषेला 1, अक्षराच्या अंगाला 7 आणि खाली 3 ठिपके दिले, तर बेरीज होते 14. सीजीएच्या 200 रेघांत अशा केवळ 14 ओळी मावतात. 8 ठिपक्यांतच कोंबावयाचे म्हटले, तर मात्रा आणि अनुस्वार यांचे भांडण लागते व बहुधा अनुस्वाराला घराबाहेर निघावे लागते. मग फोंड्याचे काय होते, ते आपण वर पाहिलेच आहे.

एका लिपीची निकड

ही अडचण केवळ आपलीच नव्हती. थायलंडच्या लिपीतही स्वरचिन्हे अक्षराच्या वर व खाली येतात. शिवाय वरच्या स्वरचिन्हावर सुराचे चिन्ह, म्हणजे माडीवर माडी. व्हॅन सुवन्नुकुल नावाच्या तरुणास अमेरिकेत असताना आपला प्रबंध पीसीवर थाई लिपीत लिहावयाचा होता. एकरंगी कार्डावर थाई अक्षरे नाहीत. रंगीत कार्डावर पुरेसे ठिपके नाहीत. तेव्हा त्याने स्वतःच एक कार्ड रचले. 1982 मध्ये ते 'हर्क्युलिस' या नावाने बाजारात आले व पुढे जगभर पसरले.

त्याने केले काय? पडदा तोच जुना एकरंगी ठेवला, कारण त्याला 350 रेघा दाखविता येत होत्या. आणि कार्डावर 64 किलोबाइट स्मृती बसविली. ठिपके झाले 720 × 348. 350 का नव्हेत? 6845 चकतीला उभ्या दिशेने 127 हून अधिक ओळी मोजता येत नाहीत. म्हणून चार-चार रेघांची एक ओळ धरली. 87 ओळी × 4 = 348. 88 ओळी धरल्या असत्या, तर 352 झाले असते आणि पडद्याबाहेर गेले असते. दोन रेघांवर पाणी सोडून बाकीच्या सगळ्या पदरात पाडून घेतल्या! या कार्डावर 14 ठिपके उंचीच्या 24 ओळी बसतात. अनुस्वाराला जागा मिळाली.

आपल्या देशातील प्रयत्न

ठिपके मिळाले म्हणून देवनागरी आपोआप अवतरत नाही. 'क्' आणि 'ष' जवळ आले की 'क्ष' व्हावा. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात मागून येते, ती अक्षराच्या आधी काढली जावी. हे यंत्राला शिकवावे लागते. या दिशेने कानपूरच्या आय.आय.टी.त काम झाले, आणि 1988 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने ते 'जिस्ट' कार्डाच्या रूपाने पुढे नेले. हे कार्ड पीसीत बसविले की रोमन अक्षरांसाठी लिहिलेल्या आज्ञावल्यांतही भारतीय लिप्या वापरता येत. अक्षराचे चित्र न साठविता त्याचा क्रमांक साठवावा, हे तत्त्व भारतीय लिप्यांसाठी 1991 च्या 'इस्की' मानकात पक्के झाले. त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरीला स्थान मिळाले.

घरी कोंकणी बोलणाऱ्या आणि शाळेत मराठीतून शिकविणाऱ्या आम्हांस या इतिहासाचे विशेष अगत्य वाटते. दोन्ही भाषा देवनागरीत लिहिल्या जातात, आणि दोहोंतही अनुस्वार ही शोभेची टिकली नव्हे. यंत्राला जमत नाही म्हणून लिपीची छाटणी करावी, असा सल्ला देणे सोपे असते. सुवन्नुकुलने तो सल्ला मानला नाही; कानपूर-पुण्याच्या संशोधकांनीही मानला नाही. त्यांनी लिपी तशीच ठेवली व यंत्र बदलले. आज अनेक फोनांच्या पडद्यावर 1080 × 2400 ठिपके असतात, म्हणजे सीजीएच्या वीसपटींहून अधिक. तरीही पुष्कळदा मराठी मजकूर रोमन अक्षरांत टंकिला जातो. आता दोष यंत्रास देता येणार नाही.

स्वाध्याय

1. आलेख-कागदावर 8 चौकोन उंचीत 'फोंडा' लिहा. नंतर 14 चौकोन उंचीत लिहा. कोणते चिन्ह प्रथम अडचणीत आले, ते नोंदवा. 'पेडणे' आणि 'डिचोली' ही नावेही लिहून पाहा.

2. हर्क्युलिसच्या एका पडद्यास किती बाइट लागतात? 64 किलोबाइटांत असे किती पडदे मावतील?

3. सीजीएवर 640 × 400 ठिपके हवे असल्यास किती बाइट लागतील? ते का शक्य नव्हते, हे दोन वाक्यांत शुद्ध मराठीत लिहा. अनुस्वार विसरू नका.