जुन्या पद्मिनीला नवे ऑइल चालेल का?

प्रश्न : वडिलांची १९८२ सालची प्रीमियर पद्मिनी मी अजून चालवतो. आमचे मेकॅनिक म्हणतात, हल्लीच्या ऑइलमध्ये पूर्वीचे जस्त नसते, त्यामुळे जुनी इंजिने लवकर झिजतात. सिंथेटिक ऑइलने सील जातात, असेही ऐकले. यात खरे किती?

उत्तर : मेकॅनिकचे म्हणणे निराधार नाही, पण तुमच्या गाडीची त्यातून सहज सुटका होते.

पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन फियाटचे. त्याचे मूळ थेट १९३७ पर्यंत जाते. त्यात कॅमशाफ्टचे उंचवटे सपाट टॅपेटवर घासत फिरतात. घासण्याच्या जागी दाब इतका असतो, की मधले तेल पिळून बाहेर निघते आणि धातूला धातू भिडतो. तिथे उपयोगी पडते ते ऑइलमधले जस्त आणि फॉस्फरस यांचे संयुग. उष्णता आणि दाब मिळाला की ते धातूवर पातळ थर धरते. हा थर झिजतो, पुन्हा बनतो आणि त्याच्याखालचा कॅम वाचतो.

मग ते कमी का केले? प्रत्येक इंजिन थोडे ऑइल जाळतेच. त्यातला फॉस्फरस धुरावाटे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बसतो आणि त्याला निकामी करत जातो. म्हणून अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने २००४ च्या ‘एसएम’ दर्जात फॉस्फरसवर ०.०८ टक्क्याची मर्यादा घातली. मात्र ती ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ, इंधन वाचवणाऱ्या ग्रेडांसाठी आहे. २०डब्ल्यू-५० ला ती लागू नाही आणि पद्मिनीला तेच मानवते. महागडे पातळ ऑइल नव्या गाडीला उत्तम, तुमच्या गाडीला नको. खरी काळजी नवा कॅमशाफ्ट बसवल्यावर घ्यावी. पहिल्या काही मिनिटांतच कॅम आणि टॅपेट एकमेकांना बसतात, तेव्हा जस्त भरपूर असलेले ऑइलच घाला. एरवी वरून जस्ताची बाटली ओतू नका. अती जस्तही धातूला बाधते.

सीलची गोष्ट निराळी. सुरुवातीच्या काही सिंथेटिक ऑइलांनी सील खरोखर बिघडत. आजची तशी नाहीत. तरीही ऑइल बदलल्यावर गळती दिसते, कारण नव्या ऑइलमधली साफ करणारी द्रव्ये जुना गाळ धुऊन काढतात. कडक झालेल्या सीलची फट तोवर त्या गाळानेच बुजलेली असते. सील आधीच गेलेले होते. ते बदलून घ्या, ऑइलला दोष देऊ नका. सुटलेला गाळ ऑइलमध्ये मिसळतो, म्हणून त्यानंतरचा बदल नेहमीपेक्षा लवकर करा.

जुन्या गाड्यांना ऑइलच्या जातीपेक्षा उभे राहणे जास्त भोवते. गाडी गल्लीपुरती फिरली, तर इंजिन पुरते तापत नाही; आत पाणी धरते, आम्ल साचते आणि बेअरिंग खाल्ले जाते. आठवड्यातून एकदा तरी गाडी चांगली तापेपर्यंत चालवा आणि किलोमीटर कितीही कमी झाले असले, तरी वर्षातून एकदा ऑइल बदला.