हिशोबाची वही आपल्या घरी

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. चलन किती काढावे हे सत्ताधाऱ्यांच्या मर्जीवर सोडू नये, हा त्यातील एक प्रमुख मुद्दा. २००९ साली सुरू झालेल्या बिटकॉइनमध्ये एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या आतच राहतील असा नियम आहे. या दोन गोष्टी एकच आहेत असे आम्ही म्हणत नाही. पण नियम पाळला जातो की नाही हे पाहणार कोण, हा प्रश्न दोन्हीकडे उरतोच.

आपले काही तरुण मोबाइलवर बिटकॉइनचे वॉलेट ठेवतात. त्यांनी ते घ्यावे असा आमचा आग्रह नाही. भाव कोसळतात, आणि २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे. परंतु ज्यांनी घेतलेच आहे, त्यांनी एक गोष्ट समजून घ्यावी. असे वॉलेट बहुधा दुसऱ्याच्या वहीतला उताराच आपणांस दाखवते. पूर्ण नोड म्हणजे ती सबंध वही स्वतःच्या संगणकावर ठेवणे व पहिल्या नोंदीपासून प्रत्येक व्यवहार स्वतः तपासणे. बँकेत पासबुक पाहणे वेगळे आणि खतावणी जुळवणे वेगळे, हे आम्ही रोज अनुभवतो.

जुलै २०१५ मध्ये याचा प्रत्यय आला. सह्यांच्या तपासणीचा कडक नियम नुकताच लागू झाला होता. काही मायनरांनी आधीचा ब्लॉक न तपासताच त्यावर पुढचे रचले आणि सहा ब्लॉकांची अवैध साखळी तयार झाली. अद्ययावत पूर्ण नोडांनी ती नाकारली. हलकी वॉलेटे वापरणाऱ्यांना मात्र नेहमीपेक्षा ३० ब्लॉक अधिक थांबा, अशी सूचना द्यावी लागली. कालामसुत्त वाचणाऱ्यांना यातले मर्म वेगळे सांगायला नको.

नोड चालवण्याचे पैसे मिळत नाहीत. नवी नाणी मायनरांना मिळतात. संपूर्ण वहीला ६०० जीबीहून अधिक जागा लागते. मात्र बिटकॉइन कोअर या मोफत प्रणालीत सर्व तपासून जुनी पाने काढून टाकण्याची सोय असल्याने साधा संगणकही चालतो. पहिल्या वेळी सगळी वही उतरवून घ्यावीच लागते, म्हणून इंटरनेटची मर्यादा आधी पाहावी. वॉलेट आपल्याच नोडला जोडावे, नाहीतर सारी खटपट फुकट! आणि गुप्त किल्लीची जपणूक नोड करीत नाही, ती आपणच कागदावर उतरवून कुलपात ठेवायची.