घरगुती पिठाच्या गिरणीची निवड

खानदेशात व मराठवाड्याच्या काही भागांत हिवाळ्यात बाजरीची भाकरी नित्याची असते. बाजरीच्या दाण्यात शेकडा ५ च्या सुमारास स्निग्धांश असतो. दाणा अखंड असेपर्यंत तो सुरक्षित राहतो. परंतु दळल्याबरोबर दाण्यातीलच लायपेज नावाच्या विकराशी त्याचा संबंध येऊन विघटन सुरू होते व थोड्याच दिवसांत पीठ कडू लागते. मग ते गुरांपुढे ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. ज्वारीचे पीठ जुने झाले म्हणजे त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते व भाकरी थापताना कडांना चिरा पडतात. म्हणून गिरणी घेताना यंत्राचा रंग पाहण्यापूर्वी, घरात कोणते धान्य किती दिवसांनी दळावे लागते, हे पाहावे.

पाच माणसांच्या कुटुंबास दररोज दीड किलो पीठ लागते असे धरल्यास आठवड्याचे दळण साडेदहा किलो होते. १ अश्वशक्तीच्या घरगुती गिरणीतून धान्याच्या जातीप्रमाणे व पिठाच्या बारीकपणाप्रमाणे तासाला साधारणपणे ७ ते १० किलो पीठ निघते व तेवढ्या वेळात सुमारे १ युनिट वीज खर्च होते. यावरून विजेचा खर्च फारसा नाही हे दिसून येईल. खरा खर्च यंत्राच्या किमतीचा आहे. गावातील गिरणी जवळ असून आठवड्यातून दोनदा दळून मिळत असेल, तर केवळ शेजाऱ्याने घेतली म्हणून गिरणी घेणे युक्त नव्हे. उलट गिरणी दोन कोस दूर असून घरातील स्त्रीला डोक्यावर दळण वाहून न्यावे लागत असेल, तेथे हिशेब निराळा होतो. तिच्या श्रमाचा आकडा कोणी मांडीत नाही, ही गोष्ट ग्रामसेवकांनी घरच्या कर्त्या माणसाच्या निदर्शनास आणावी. काही जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण योजनांतून अशा गिरण्या अनुदानावर दिल्या गेल्या आहेत. त्याविषयी पंचायत समितीत आधी चौकशी करावी.

घरगुती गिरण्या मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. एकीत जात्याप्रमाणे दगडी तळ्या असतात. तिचे पीठ भाकरीस चांगले. मात्र तळ्या गुळगुळीत झाल्या म्हणजे टाकी लावावी लागते, आणि टाकी लावल्यावरचे पहिले दळण खरीचे असल्याने माणसांच्या खाण्यात घेऊ नये. दुसरीत पोलादी पाती दाणा फोडतात व पीठ जाळीतून गळते. जाळी बदलली की त्याच यंत्रातून रवा, भरडा, भाजणी व मेतकूट काढता येते. म्हणून खरेदीच्या वेळीच सर्व जाळ्या मागून घ्याव्यात. विक्रेत्याच्या दुकानात गव्हाचेच दळण दाखवितात. आपल्या घरची बाजरी किंवा नाचणी पिशवीतून न्यावी व ती दळवून पाहावी. ओलसर धान्य, शेंगदाणे, तीळ यांनी जाळी तुंबते. इडली व आंबोळीच्या ओल्या वाटणास ही गिरणी निरुपयोगी होय. त्याकरिता पाटा किंवा मिक्सरच पाहिजे.

विजेच्या बाबतीत हयगय करू नये. तीन पिनांच्या १६ अँपियर सॉकेटला जमिनीत नेलेली अर्थिंगची तार असल्याची खात्री वायरमनकडून करून घ्यावी. दार उघडताच मोटार आपोआप थांबते की नाही, हे दुकानातच पाहावे. लहान मुलांच्या घरी ही सोय नसलेले यंत्र नेऊ नये. सायंकाळी विजेचा दाब पडत असल्यास दळण सकाळी काढावे, नाहीतर मोटार तापून जळते.

गिरणी घरी आली तरी महिन्याचे पीठ एकदम दळून ठेवण्याची सवय पुष्कळ घरी तशीच राहते व बाजरी पुन्हा कडू होते. बाजरी चार दिवसांपुरतीच दळावी. अधिक दिवस ठेवणे भागच असेल, तर निवडलेली बाजरी फडक्यात बांधून उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवावी, लगेच निथळून कडक उन्हात पूर्ण वाळवावी व मग दळावी. उष्णतेने विकर निष्प्रभ होऊन पीठ अधिक टिकते. दाणा दातांखाली कटकन फुटला तरच तो वाळला असे समजावे.