बॉक्सवरचा आकडा आणि कपातला फेस

इंजिनिअरिंगच्या मासिकात मासे पाळण्यावर लेख कशाला, असं कुणाला वाटेल. पण खाऱ्या पाण्याची टाकी म्हणजे काचेत ठेवलेला एक छोटा प्रोसेस प्लांटच असतो. पंप आहे, पाइपिंग आहे, मास बॅलन्स आहे, आणि मेंटेनन्स चुकला की शटडाऊनही आहे. आमचा शटडाऊन जरा महागात पडला. म्हणून हा लेख.

आमच्या डिपार्टमेंटच्या कॉरिडॉरमध्ये प्रोजेक्ट म्हणून २०० लिटरची समुद्री टाकी आहे. त्यात दोन क्लाऊनफिश (पोरांच्या भाषेत 'निमो') आणि एक डॅमसेल होता. टाकीखाली सम्प आणि सम्पमध्ये प्रोटीन स्किमर. स्किमरच्या बॉक्सवर ठळक अक्षरांत छापलं होतं, '५०० लिटरपर्यंत'. आमची टाकी २०० लिटरची, म्हणजे अडीचपट फॅक्टर ऑफ सेफ्टी! आम्ही निश्चिंत.

फेस्टच्या शनिवारी टाकीसमोर ही गर्दी. जो येईल तो चिमूटभर खाद्य टाकणार, मासे झेप घेणार, टाळ्या पडणार. रविवारी कॉलेज बंद. सोमवारी सकाळी पाणी दुधट झालेलं, एक क्लाऊनफिश तळाशी मेलेला आणि दुसरा पृष्ठभागाशी तोंड लावून धापा टाकतोय. स्किमर मात्र चालूच होता. पंपाचा आवाज येत होता, थोडा फेसही दिसत होता. शेवटी लॅबमधले मामा म्हणाले, "अरे, तो हवा ओढतोय का ते तरी बघा!" हवेची नळी काढली तर व्हेंच्युरीच्या तोंडाशी मिठाचा पांढरा खडा. बारीकशी फट उरली होती, तेवढ्यातून जी काही हवा जात होती तेवढीच. गरम पाण्याने मीठ विरघळवलं आणि दोन मिनिटांत सिलिंडर पांढराशुभ्र झाला. मेलेला मासा काही परत आला नाही.

स्किमर नेमकं करतो काय?

गुऱ्हाळात उसाचा रस उकळताना काहिलीत वर येणारी मळी झाऱ्याने काढून टाकतात, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. स्किमरचं काम तसंच, फक्त इथे उष्णतेऐवजी हवेचे बुडबुडे आहेत. खाद्य आणि विष्ठा यांतून प्रथिनं आणि इतर सेंद्रिय पदार्थ पाण्यात उतरतात. त्यांतल्या अनेक रेणूंचं एक टोक पाण्याला धरून राहतं आणि दुसरं पाण्यापासून पळतं. साबणासारखंच. असे रेणू हवा आणि पाणी यांच्या सीमेवर जाऊन चिकटतात. बुडबुडे वर गेले, फेस झाला, फेस मानेतून चढून कपात पडला, की ती घाण पाण्याबाहेर गेली. मायनिंगवाले खनिज वेगळं करायला फ्रॉथ फ्लोटेशन वापरतात, ते याच कुळातलं.

मग गोड्या पाण्याच्या टाकीत हा का चालत नाही? गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून पटकन मोठे होतात. समुद्राच्या पाण्यातले क्षार हे मिसळणं रोखतात, म्हणून बुडबुडे बारीक राहतात. आणि बारीकपणातच सगळी मेख आहे. गोलाचं क्षेत्रफळ भागिले घनफळ म्हणजे ६ भागिले व्यास. १ मिलिमीटरच्या बुडबुड्यांत वाटलेली १ लिटर हवा ६ चौरस मीटर पृष्ठभाग देते. तीच अर्ध्या मिलिमीटरच्या बुडबुड्यांत वाटली तर १२. मिनिटाला ५ लिटर हवा ओढणारा बारीक बुडबुड्यांचा स्किमर दर मिनिटाला ६० चौरस मीटर नवा पृष्ठभाग तयार करतो, म्हणजे हॉस्टेलच्या चार-पाच खोल्यांची फरशी! हवा एक तृतीयांश झाली की हा पृष्ठभागही एक तृतीयांश. आमच्याकडे असंच काहीतरी झालं असणार.

एक गैरसमज इथेच दूर करू. स्किमर अमोनिया काढत नाही. प्रथिनं कुजून त्यांचा अमोनिया होण्याआधी तो ती उचलतो. झालेल्या अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करायचं काम जिवाणूंचं. पण स्किमरचा एक जोडधंदा आहे, तो म्हणजे पाण्यात प्राणवायू मिसळणं. २८ अंश सेल्सिअसला समुद्राच्या पाण्यात जास्तीत जास्त साधारण ६.४ मिलिग्रॅम प्रति लिटर प्राणवायू मावतो, गोड्या पाण्यात ७.८ च्या आसपास. मुळात साठा कमी. त्यात खाद्य कुजवणारे जिवाणू तो खाऊ लागले आणि स्किमरची हवाही बंद, मग मासा पृष्ठभागाशी धापा टाकणारच.

'५०० लिटरपर्यंत' याचा अर्थ काय?

आता सेकंड इयरचा मास बॅलन्स आठवा. टाकीत दर तासाला ठरावीक घाण तयार होते. स्किमरमधून दर तासाला ठरावीक पाणी जातं आणि एका फेरीत त्यातली ठरावीक टक्के घाण निघते, तिला कार्यक्षमता म्हणू. काही काळाने जेवढी घाण तयार होते तेवढीच निघू लागते आणि पातळी स्थिर होते. सूत्र असं:

घाणीची स्थिर पातळी = तयार होण्याचा वेग ÷ (कार्यक्षमता × पाण्याचा प्रवाह)

नीट बघा, या सूत्रात टाकीचे लिटर आहेत कुठे? नाहीतच! पातळी किती राहणार ते मासे आणि खाद्य ठरवतात, टाकीचा आकार नाही. आकारमान येतं ते फक्त वेळेत. टाकी २०० लिटरची, प्रवाह तासाला ६०० लिटर आणि कार्यक्षमता १० टक्के धरली, तर २०० ÷ ६० म्हणजे सुमारे ३.३ तास हा टाइम कॉन्स्टंट. मोठी टाकी बिघडायलाही वेळ घेते आणि सुधारायलाही, एवढाच फरक. तेव्हा ५०० लिटरच्या टाकीत दोन मासे असतील तर छोटा स्किमर पुरेल, आणि १०० लिटरच्या टाकीत दहा मासे कोंबले तर बॉक्सवरचा '५०० लिटर' कामाला येणार नाही. आमचा फॅक्टर ऑफ सेफ्टी कागदावरच होता, हे तेव्हा कळलं.

निवडताना काय बघावं?

लाकडी एअरस्टोनचा स्किमर स्वस्त आणि समजायला सोपा, पण त्याचा एअरस्टोन झिजतो आणि वारंवार बदलावा लागतो. व्हेंच्युरीवाल्यात पाण्याचा वेग हवा ओढतो. तो दणकट असतो, पण तोंडाशी मीठ साचतं. नीडल व्हीलमध्ये पंपाच्या इम्पेलरलाच काड्या असतात, त्या हवेचा चुरा करतात. सध्या बाजारात हा प्रकार जास्त दिसतो. मीठ त्याच्याही हवेच्या नळीत साचतंच. दुकानदाराला विचारायचे प्रश्न असे: हवा तासाला किती लिटर? पंप किती वॅटचा (तो चोवीस तास चालणार आहे)? कप आणि हवेची नळी हत्याराशिवाय निघते का? पंपाचे सुटे भाग मिळतात का? सम्पमध्ये पाण्याची किती उंची लागते? शेवटचा प्रश्न विसरू नका. पाण्याची पातळी दोन बोटं वर-खाली झाली तरी फेसाचं गणित बदलतं.

चाचणी कशी घ्यावी?

नवा स्किमर आणल्या आणल्या त्याची परीक्षा घेऊ नका. नव्या प्लास्टिकला थोडा तेलकटपणा असतो, त्यामुळे पहिले काही दिवस, कधी आठवडा-दोन आठवडे, फेस मनासारखा येत नाही. त्याला रुळू द्या. मग तीन मोजमापं घ्या. प्रत्येक वेळी हात घालण्याआधी प्लग काढा.

पहिलं, हवा. ४ सेंटिमीटर आतल्या व्यासाची पारदर्शक नळी घ्या, तिच्यावर ५० सेंटिमीटर अंतराने दोन खुणा करा आणि तिचं एक तोंड स्किमरच्या हवेच्या नळीला जोडा. दुसऱ्या तोंडाला साबणाच्या पाण्याचा पडदा लावा. स्किमर हवा ओढेल तसा पडदा नळीत सरकेल. दोन खुणांमधलं घनफळ सुमारे ६२८ मिलिलिटर. पडदा साडेसात सेकंदांत गेला तर मिनिटाला ५ लिटर हवा. फक्त साबणाचं पाणी स्किमरमध्ये जाऊ देऊ नका, नाहीतर फेस कपाबाहेर येऊन फरशीवर नाचेल.

दुसरं, पाणी. बाहेर पडणारं पाणी बादलीत घ्या, स्टॉपवॉच लावा. १० लिटरला ६० सेकंद लागले तर तासाला ६०० लिटर. सिलिंडर १० सेंटिमीटर व्यासाचा आणि आत ४० सेंटिमीटर पाणी असेल तर घनफळ सुमारे ३.१ लिटर, म्हणजे पाणी आत साधारण १९ सेकंद राहतं. प्रवाह वाढवला की हा वेळ कमी होतो. दोन्ही एकदम मिळत नाही.

तिसरं, कपातली घाण. इथे आमची फजिती झाली. आम्ही एन्व्हायर्नमेंट लॅबमध्ये उत्साहाने टाकीच्या पाण्याचा सीओडी काढला. आकडा हजारांत! सरांनी वही बघितली आणि म्हणाले, "बाळांनो, घाण नाही, तुम्ही मीठ मोजलंत." समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असतं आणि डायक्रोमेट त्याचंही ऑक्सिडेशन करतं. १ मिलिग्रॅम क्लोराइड म्हणजे ०.२२६ मिलिग्रॅम सीओडी. हिशेब केला तर नुसत्या मिठाचाच सीओडी ४३०० च्या आसपास जातो. मर्क्युरिक सल्फेट टाकून क्लोराइड दाबतात खरं, पण एवढ्या क्लोराइडपुढे नेहमीची मात्रा पुरत नाही.

मग सरांनीच साधा मार्ग सांगितला. कपातला माल मोजून घ्या, ग्लास फायबर फिल्टरवर गाळा, डिस्टिल्ड पाण्याने धुऊन मीठ काढा, १०५ अंशांला वाळवून वजन करा, मग ५५० अंशांच्या भट्टीत जाळून पुन्हा वजन करा. घटलेलं वजन म्हणजे गाळातला सेंद्रिय भाग. विरघळलेली घाण यात येत नाही, हे मान्य. पण दोन स्किमरची तुलना करायला चालतं. नुसता कप किती भरला हे बघून फसू नका. पातळ चहासारखं पाणी कप लवकर भरतं आणि काळपट दाट माल हळू, पण घाण कशात जास्त हे वजनच सांगतं.

तुलना करताना टाकी, मासे आणि खाद्य तेच ठेवा. एक आठवडा जुना स्किमर, एक आठवडा नवा, आणि परत एक आठवडा जुना. तिसरा आठवडा गाळू नका, कारण तेवढ्या दिवसांत टाकीही बदलते.

अपेक्षाही माफक ठेवा. पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीतले रसायनशास्त्राचे प्राध्यापक केन फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ पासून स्किमरच्या रीतसर चाचण्या केल्या. आधी पाण्यात अल्ब्युमिन हे प्रथिन मिसळून, मग खऱ्या टाकीतल्या पाण्यावर. पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी साधारण २० ते ३० टक्केच स्किमर काढू शकतो, असं त्यांना दिसलं. बाकीचे रेणू बुडबुड्याला चिकटतच नाहीत. त्यामुळे स्किमर असला तरी पाणी बदलणं सुटत नाही, आणि खाद्यावर ताबा ठेवणं तर मुळीच नाही.

जाता जाता एक सूचना. टाकीत जिवंत प्रवाळ ठेवायचा मोह होईल. आपल्याकडे २००१ पासून रीफ बांधणारी प्रवाळं आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. तेव्हा टाकी माशांपुरतीच ठेवा.

आमच्या तुलनेचा निकाल? मित्राकडून उसना आणलेला महागडा स्किमर थोडा सरस ठरला, पण नळी साफ असलेला आमचा जुना स्किमर दोन माशांना पुरेसा होता. उसना परत केला. खाद्याचा डबा आता कुलपात असतो. टाकीला सुतळीने एक वही बांधली आहे. दर सोमवारी पडद्याचे सेकंद त्यात लिहायचे आणि वेळ वाढला की नळी गरम पाण्याने धुवायची, एवढाच नियम. उरलेला क्लाऊनफिश तगला आहे. वहीची पाळी पुढच्या वर्षी ज्युनियर्सकडे जाईल. त्यांना एवढंच सांगणं: पंपाचा आवाज ऐकून समाधान मानू नका, हवा मोजा.