हळदीचा पेला आणि ख्रिस्ती मित्र

प्रश्न : आमच्याकडे लग्नाच्या हळदीला दारूच्या पहिल्या बाटलीतली धार देवाच्या नि वाडवडिलांच्या नावाने सोडतात. मग तोच पेला सगळ्यांत फिरतो. माझ्या ख्रिस्ती मित्राने तो घेतला नाही. चर्चमध्ये तर द्राक्षारस चालतो. मग हा नकार कशासाठी?
– एक वाचक, जासई (ता. उरण)

उत्तर : त्याच्या मनातलं तोच सांगेल, पण अशा नकारामागे बहुधा दोन कारणं असतात.

पहिलं कारण दारूचं नाही, धारेचं आहे. हा पेच ख्रिस्ती धर्माइतकाच जुना. इ.स. ५५च्या सुमारास ग्रीसमधल्या करिंथच्या ख्रिस्ती मंडळींपुढे देवळात वाहिलेल्या मांसाचा प्रश्न उभा राहिला. संत पौलाने पत्रातून कळवलं, की कुणी जेवायला बोलावलं तर खुशाल जा आणि चौकशी न करता वाढलेलं खा. मात्र ‘हे देवाला वाहिलेलं आहे’ असं कुणी सांगितलं, तर खाऊ नका. तुमच्या पेल्याला हाच नियम लागतो. वारली, भिल्ल समाजांतही दारूची धार देवाला देतात. तिथे नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसाला हे फार जड जातं. त्याने पेला नाकारला, की भावकीला वाटतं त्याने नातंच तोडलं.

दुसरं कारण पंथाचं. कॅथलिक मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, द्राक्षांचा खरा द्राक्षारसच (वाइन) लागतो, तसा चर्चचा कायदाच आहे. मुंबई राज्याच्या १९४९च्या दारूबंदी कायद्यानेही धर्मविधीसाठी सवलत ठेवली होती. वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन कॅथलिकांच्या लग्नघरी तर दारूचं वावडं नसतं. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या मात्र दारू निषिद्ध मानतात. अमेरिकेतले मेथडिस्ट दंतवैद्य थॉमस वेल्च यांनी १८६९मध्ये न आंबणारा द्राक्षांचा रस तयार केला, तो चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या विधीत वाइनऐवजी वापरण्यासाठीच. मित्र अशा मंडळीतला असेल, तर धार सोडली नसती तरी त्याने पेला घेतला नसता.

म्हणून तुमची धार तुम्ही जरूर सोडा. ती तुमच्या वाडवडिलांची आठवण आहे. पण पेला कशाचा आहे हे मित्राला आधी सांगा, आग्रह करू नका आणि त्याच्या हातात सरबत द्या. त्याचा नकार देवाशी असलेल्या त्याच्या निष्ठेतून आला आहे, आणि वाडवडिलांशी निष्ठा राखणाऱ्या घराला ती समजायला अवघड जाऊ नये.